पाटलांच्या आईचा नकार

तायडे गुरुजी गेल्याचं कळलं ते अकोल्याहून आलेल्या पोस्टकार्डातून. कार्ड त्यांच्या पत्नीचं, गिरजाबाईंचं. मजकूर दोन ओळींचा. अमरावतीच्या आमच्या दैनिकाच्या कचेरीत ते पोचलं तेव्हा तिसरा दिवसही उलटून गेला होता...

प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्यावर गुरुजींना म्हाताऱ्या माणसांच्या तब्येतीच्या पाहणीचं काम मिळालं होतं. तेच प्रश्न आणखी काही देशांत विचारले जात होते. आपल्याकडे बाळापूरच्या बाजूची गावं निवडली होती. डोळे, दात, झोप, घरात कोण विचारपूस करतं, असा चार पानी फॉर्म. पहिल्या पानावर ज्यानं त्यानं स्वतः द्यायच्या संमतीचं कलम. देखरेख अधिकाऱ्यांनी त्याची सोपी रीत बसवली होती: पाटलानं हो म्हटलं की गावानं हो म्हटलं, अंगठे आधी, प्रश्न नंतर. नकाराचा रकाना होता. पण नकार आणणारा माणूस कामाचा नाही, हे बैठकीत स्पष्ट सांगितलं होतं. गुरुजींची नेमणूक महिन्या-महिन्यानं वाढत असे आणि घर त्यावरच चालत होतं.

बातमीसाठी मी एक दिवस त्यांच्यासोबत गेलो. पाटलांकडे चहा झाला. गुरुजींनी बौद्ध धर्म स्वीकारून काही वर्षं झाली होती, तरी त्यांचा कप वेगळा होता. त्यांनी चहा पिऊन तो बाजूला ठेवला. आईच्या फॉर्मवर सही करायला पाटलांनी पेन काढलं, तेव्हा मात्र त्यांनी फॉर्म अलगद ओढून घेतला आणि ओसरीत बाजेवर बसलेल्या म्हातारीला सगळं कलम वाचून दाखवलं. माहिती कशासाठी, वाचणार कोण, नाव कुठं येणार नाही.

पाटील म्हणाले, "म्या हो म्हटलं ना, गुरुजी. तिले काय इचारता?"

"गुडघे तिचे हायेत, पाटील."

म्हातारीनं विचारलं, "नाई म्हटलं तं चालते काय?"

"चालते, माय."

"मंग नाई."

पाटील हसले, मग हसायचे थांबले. गुरुजींनी रकान्यात नकार लिहिला आणि उठले. दिवस मावळेपर्यंत त्या आळीतल्या आणखी तीन घरांनी नाही म्हटलं. पुढच्या महिन्यात गुरुजींची नेमणूक वाढली नाही. माझी बातमी आली. तिच्यात नकार नव्हता.

गेल्या आठवड्यात अकोल्याला गेलो, तेव्हा पुढचं गिरजाबाईंकडून कळलं. वर्षभरानं गुरुजी त्याच गावी एका लग्नाला गेले होते. म्हातारीनं त्यांना ओसरीतूनच हाक मारली: "गुरुजी, आता इचारा." फॉर्म कुठला असायला... दुकानातून वही आणून दुपारभर ते लिहीत बसले.

गिरजाबाईंनी फडताळातून ती वही काढून माझ्या हातात दिली. पुरवणीसाठी चार ओळी उतरवून घ्याव्यात, असं माझ्या मनात होतं. पहिल्या पानावर गुरुजींच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: 'स्वखुशीने सांगितले. छापण्याबद्दल विचारायचे राहिले.'

म्हातारीला जाऊन दोन वर्षं झाली. मी पान उलटलं नाही. वही फडताळात परत गेली.