शेराचं कुंपण

ग्रामसभेत ठराव झाला तेव्हाच मला कळलं होतं की पहिलं भांडण आमच्याच घरात पेटणार. आमचं गाव रत्नागिरीपासून जवळ, पण सगळा कातळ. मे महिन्यात विहिरी तळ गाठतात. म्हणून ठरलं की अंगणात लॉन करायचं नाही, कातळावर कमी पाण्यात जगेल तेच लावायचं, कुंपणसुद्धा तशाच झाडांचं. आणि माझ्या धाकट्या दिराने आखातातून परत आल्यावर घरापुढे हिरवंगार लॉन केलं होतं. विहीर दोन्ही घरांत मिळून एकच. तो पंप लावून गवत भिजवायचा आणि मी तळ खरवडून हंडा भरायची.

नवऱ्याने निमूटपणे हद्दीवर शेर लावला, हिरव्या काड्यांचं चिकाळ झुडूप. शेराला पाणी लागत नाही, गुरं त्याला तोंड लावत नाहीत. शेर कमरेच्या वर गेला तरी पलीकडचं लॉन होतं तसंच. गेल्या मे महिन्यात एका दुपारी दिराचा पंप बंद व्हायचं नावच घेईना, तेव्हा मी उठले आणि वायर उपटली. मला राग आला की मी बोलत बसत नाही.

दीर कोयता घेऊनच आला.

"वैनी, वायर लाव. गवत मरतंय माझं."

"मरू दे," मी म्हटलं. "ठराव झालाय."

"ठराव गेला खड्ड्यात."

त्याने हात उगारला. तो खरंच मारणार होता का, हे मला आजही सांगता येत नाही. नवरा मध्ये पडला आणि कोयत्याची पाठ त्याच्या कपाळावर बसली. भुवई फाटली, शर्ट रक्ताने भरला. रक्त बघून दीर थांबेल असं वाटलं, पण तो जास्तच पिसाळला आणि वळून शेरावर तुटून पडला.

आमच्याकडे शेर तोडताना वारा पाठीशी घेतात आणि तोंड फिरवून घाव घालतात, कारण त्याचा चीक डोळ्यांत गेला तर डोळे जातात. दिरालाही हे लहानपणापासून ठाऊक. इतकी वर्षं बाहेर राहून तो विसरला की रागात विसरला, कोण जाणे. समुद्राकडचा वारा तोंडावर घेत त्याने सपासप घाव घातले आणि चीक थेट डोळ्यांत उडाला. कोयता टाकून तो लॉनवर गडाबडा लोळायला लागला.

नवरा कपाळ धरून विहिरीकडे धावला. कळशी खाली सोडली ती खडकावर आपटली. वर आला नुसता गाळ. पाणी सगळं गवताला गेलं होतं.

घरात प्यायच्या पाण्याचा हंडा होता, तो मी उचलून आणला. दिराच्या छातीवर गुडघा रोवला, केस धरून मान मागे खेचली आणि तोंडाला येतील त्या शिव्या देत पाणी ओतत राहिले. इतका राग आला होता की मला रडू येत होतं.

"भावजी, डोळे उघडा. उघडा म्हणते ना."

उजवा डोळा वाचला. डाव्याने काही दिसत नाही. लॉन वाळलं ते वाळलंच, त्याने परत केलं नाही. बोलणं आमचं तुटलंय. पण डाव्या अंगाने कोणी जवळ आलं की तो दचकतो, हात डोक्यावर घेतो. ते मला बघवत नाही. म्हणून विहिरीवर तो असला की मी वळसा घालून समोर जाते आणि सांगते, "भावजी, मी हाय."