खांबामागची सीट

दुकानातल्या मालाला एक्स्पायरी असते, किश्शांना नसते. पोहे पडून राहिले तर किडतात, किस्सा पडून राहिला तर मुरतो. गिऱ्हाईक कोथिंबिरीची जुडी घ्यायला येतं आणि काहीतरी सांगून जातं. आयर्लंडमध्ये तर बिल झाल्यावरच खरं बोलणं सुरू होतं!

लिक्सलिपच्या कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यापासून अर्ध्या तासावर आमचं गाव, आणि गावच्या गेलिक फुटबॉलच्या मैदानाला लागून माझं किराण्याचं दुकान. दोन हजार वीस-एकवीसमध्ये हे मैदान आधी बंद झालं, मग अर्धं पाडलं, मग पुन्हा बांधलं. माझी किश्शांची साठवण वाढत गेली.

* * *

पहिला मान शेजारच्या टॉमचा. वय ऐंशीच्या पुढे. मैदानाच्या जुन्या टेरेसवर, म्हणजे उभ्यानं मॅच बघायच्या सिमेंटच्या पायऱ्यांवर, तो आणि त्याची बायको ब्रीडा उभा जन्म एकाच जागी शेजारी शेजारी उभे राहिले. ब्रीडा गेली. टॉमनं जागा सोडली नाही.

लॉकडाऊनच्या आधी एका रविवारी तो मला बाहेरगावच्या मॅचला घेऊन गेला. तासाभराचा रस्ता, पण सकाळी नाश्त्याच्या आधीच निघालो. का, तर पार्किंग! गाडी मैदानापासून अर्धा मैल अलीकडे, तोंड घराकडे करून लावली. डिकी उघडून सँडविच खाल्ली, चहा प्यालो. मॅच अशी रंगली की मला नियम कळत नसूनही मी ओरडत होतो. शेवटची दहा मिनिटं उरली आणि टॉमनं माझी बाही ओढली. "चल, नंतर ट्रॅफिक लागेल."

धापा टाकत गाडीत बसलो, तोच आमच्या टीमनं विजयी गोल मारला. रेडिओवर!

मी कपाळाला हात लावला. टॉम मात्र खुशीत. म्हणाला, "पण जागा ग्रँड मिळाली होती, नाही?"

जागा म्हणजे गाडीची.

* * *

मार्चमध्ये सगळंच बंद पडलं. मी सीझन गाठायचा म्हणून काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या टीमच्या रंगाचे पिवळे झेंडे आणि पताका खोकी भरून आणून ठेवलेल्या! ऑगस्टपर्यंत तशाच.

मग केतकी आली. केतकी पुण्याची, चिप कारखान्यात इंजिनिअर, घर मैदानाच्या भिंतीमागेच. "काका, गणपतीच्या डेकोरेशनला काही आहे का?"

"आहे की! या वर्षी खास पीतांबर थीम!"

खोकी रिकामी झाली. दुसऱ्या दिवशी टॉम तिच्या खिडकीसमोर थबकला. "मॅच नाही, काही नाही, तरी घर आतून सजवलंय. सपोर्टर असावेत तर असे!"

मी त्याला काचेतून मूर्ती दाखवली. त्यानं ती बराच वेळ निरखली आणि म्हणाला, "तुमच्या या गड्याला फुलबॅकला, गोलच्या तोंडाशी उभा करा. याला ओलांडून कोण जातंय!"

* * *

सप्टेंबरात बातमी आली. क्लबांची फायनल आमच्या मैदानावर, प्रेक्षकांशिवाय. त्यानंतर टेरेस पाडून तिथं खुर्च्यांचा नवा स्टँड. टॉमचं म्हणणं एवढंच की एकदा शेवटचं त्या जागेवर उभं राहू द्या.

मी क्लबच्या सेक्रेटरीला भेटलो. "ज्याला काम आहे त्यालाच आत सोडणार," तो म्हणाला.

मॅचच्या दिवशी बघतो तर अख्ख्या गावाला काम होतं! एक बाटल्या भरणारा, एक बाटल्या देणारा, एक बॉल पुसणारा आणि एक त्या पुसणाऱ्यावर लक्ष ठेवणारा. फादरसुद्धा दोन. एका देवाचे, पण टीम दोन ना!

मी टॉमला म्हटलं, "अरे, तूही काहीतरी काम सांग."

"मी बघायला जातो," टॉम म्हणाला. "ते काम आहे असं कसं सांगू?"

त्याला आत सोडलं नाही.

* * *

मग तो भिंतीबाहेर रेडिओ कानाला लावून उभा राहिला, भुरभुर पावसात. केतकीच्या सासूबाई वर्ध्याच्या. तीन महिन्यांसाठी आल्या आणि विमानं बंद झाल्यानं इथंच अडकल्या. त्यांनी दारातून हाक मारली, "काहून भिजून राह्यले जी? घरात या ना!"

मराठी टॉमला कळत नव्हती, पण उघडं दार कळलं.

त्यांनी त्याला बूट काढायला लावले आणि माडीवरच्या छोट्या खोलीत नेलं. तिथून मैदान दिसतं. देवघरही त्याच खिडकीशी. खुर्ची दिली, तर बसेना. मॅच कुणी बसून बघतं का? संपेपर्यंत तसाच उभा.

दुसऱ्या दिवशी सासूबाई दुकानात सांगत होत्या, "भाऊ, आमच्या पोरायले आरतीले पाच मिनिटं उभं राहवत नाही. अन् हा बुढा घंटाभर देवापुढं हात जोडून उभा व्हता!"

मी टॉमला विचारलं, "कशी झाली मॅच?"

"ग्रँड," तो म्हणाला. "खिडकीतून आमची जागा दिसत होती. रिकामी."

पुढच्या आठवड्यात टेरेस पाडायचं मशीन आलं.

* * *

एकवीसच्या उन्हाळ्यात स्टँड उभा राहिला. छप्पर बसायचं होतं, पण थोडे प्रेक्षक सोडायला परवानगी मिळाली. क्लबनं जुना मेंबर म्हणून टॉमला अगदी मधलं तिकीट दिलं. पण त्यानं आधीच आत जाऊन, समोरचा चर्चचा मनोरा आणि गोलपोस्ट टेरेसवरून दिसायचे तसे एका रेषेत धरून आपली आणि ब्रीडाची जागा हुडकली होती. ती आली होती कोपऱ्यात, फ्लडलाइटच्या खांबामागे. आणि त्या सीटचं तिकीट लागलं होतं केतकीला, तिची मुलगी क्लबात खेळते म्हणून.

अदलाबदल करायला मी गेलो. "मधली सीट घे, कोपऱ्यातली दे."

केतकीनं चष्मा वर केला. "काका, यात गोम काय आहे?"

"काही नाही गं."

"मग नको. एवढं चांगलं तिकीट फुकट कोण देतं?"

टॉमची गोष्ट सांगितली असती, तर तिनं डोळे पुसत दिलं असतं. पण ती कुणाला सांगू नको म्हणून टॉमनं बजावलं होतं. मग मी व्यापाऱ्याचं तोंड केलं. "बरं, फुकट नाही. वर तुझ्या सासूबाईंच्या हातच्या चकल्या द्यायच्या मला. डबाभर."

"अर्धा डबा!"

"पाऊण."

सौदा पटला. वस्तूवर किंमत नसली की पुण्याच्या माणसाला ती घेववत नाही!

* * *

मॅचच्या दिवशी सकाळी पाऊस पडून गेलेला. पाण्याच्या बाटल्या दिल्या म्हणून मलाही एक तिकीट मिळालं होतं, टॉमच्या मागच्या रांगेत. अंतर ठेवायचं म्हणून एकाआड एक सीटला फीत बांधलेली.

टॉम आला. खिशातून रुमाल काढून आपली सीट पुसली. मग फितीखाली हात घालून शेजारचीही पुसली, पाठीसकट.

तिथं ड्यूटीला गावातलाच डेक्लन होता. तो वाकून म्हणाला, "टॉम, ती सीट रिकामी ठेवायचीय. नियम आहे."

"ती रिकामी नाहीये," टॉम म्हणाला.

डेक्लननं टॉमकडे पाहिलं, मग समोरच्या मनोऱ्याकडे, मग त्या सीटकडे.

"बरं," तो म्हणाला. "पण तिला सांग, मास्क लाव म्हणावं."