बँकर पुढे गेला तो रविवार

आमच्या सायकलवाल्या कंपूत तो कायम सगळ्यांच्या शेवटी असे, पण तो मागे पडतो असं कुणी कधी म्हटलं नाही. घाट चढणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून इंजिन लावतात, त्याला बँकर म्हणतात, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. चढावर कुणाचा दम संपला की याचा पंजा त्याच्या पाठीवर टेकायचा. ढकलल्यासारखं वाटायचं नाही, पण चढ संपलेला असायचा. म्हणून त्याचं नाव बँकर. भिसेगावात त्याचं रंगाचं दुकान होतं. बँकेशी त्याचा संबंध चालू खात्यापुरता.

"दमलास का?" असं त्याने कुणाला विचारलेलं मला आठवत नाही. "थांबा रं, माझ्या पोटरीत गोळा आलाय," म्हणायचा आणि खरा दमलेला माणूस तोंड उघडायच्या आत स्वतः खाली बसायचा. हा गोळा इतका नेमाने यायचा की मी एकदा म्हटलं, "डॉक्टरला दाखव बाबा."

"दाखवला. तो म्हणाला, तुमच्याबरोबर कुणी हिशेबनीस हिंडतो का? त्याचा गोळा आहे हा."

मी खालापूरकडच्या एका कारखान्यात हिशेब बघतो, आणि माझं पोट सुटलेलं आहे. बाकीचे हसले. मी पाणी प्यालो. मला त्या थांबण्याची गरज होती.

जंगलातल्या पायवाटेला फाटा फुटतो तिथे आमचा एक नियम होता. पुढच्याने फाटा ओलांडून थोडं पलीकडे थांबायचं, म्हणजे मागून वेगात येणारे त्याच्यावर आदळत नाहीत. शेवटच्याने मात्र फाट्याच्या तोंडावरच पाय टेकायचा, मागे कुणी राहिलं नाही ना ते बघायचं आणि मग माणसं मोजायची. हे काम बँकरचं. मोजून झालं की म्हणायचा, "डबे पूर्ण." त्यानंतरच कंपू हलायचा.

मग दुकानात डावीकडचे डबे त्याच्या कोपराने पडायला लागले. आधी आम्ही चेष्टा केली. एका उतारावर डाव्या बाजूची फांदी त्याच्या गालावर बसली तेव्हा चेष्टा थांबली. पनवेलच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली थेंबांवर टिकवायची. समोरचं त्याला स्वच्छ दिसे. कडेचं गेलं होतं, डावीकडचं जास्त. डोंगरातली सायकल बंद करा, असं डॉक्टर म्हणाले. त्याने बायकोकडे एक शेवटची फेरी मागितली.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी मी त्याच्या घरी गेलो, तेव्हा वहिनी दारातच उभ्या होत्या.

"भावोजी, मला यांना नाही म्हणवलं नाही. पण हे पुढे जाणार नाहीत. तुमच्या मागच्या चाकावर नजर ठेवून येतील. आणि परत येताना टेंपो. शब्द द्या मला."

मी शब्द दिला.

"आता पावतीही घे त्याच्याकडून," आतून बँकर म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा," वहिनी म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत.

आम्ही दोघेच होतो. कशेळ्याला चहा घेतला, टेंपोवाल्याला त्याच्या डोळ्यांचं सांगून संध्याकाळचं ठरवलं आणि पुढे डांबरी रस्ता सोडून पठाराची वाट धरली. पानगळीचे दिवस, वाट कोरडी, दगड सुटे. मी पुढून ओरडत होतो, "उजवीकडे खड्डा! डावीकडे फांदी!" आणि मागून तो प्रत्येक वेळी "हो" म्हणत होता. शेवटच्या चढावर माझे पाय संपले, आणि पाठीवर त्याचा पंजा आला. नजर जात चाललेला माणूस मला वर ढकलत होता. मी नको म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही, कारण तो ढकलत असताना दोघेही नेहमीसारखे होतो.

पठारावर बसून लाडू खाल्ले. मग उतरायच्या वाटेकडे बोट करून म्हणाला, "इथून मी पुढे."

"वहिनींना शब्द दिलाय मी."

"तिला मी सांगेन. अरे, इतकी वर्षं लोकांच्या पाठी बघत उतरलो. तुझी तर पाठ मला तोंडपाठ आहे. एकदा रिकामी वाट बघू दे. पुढे कुणी नाही, अशी."

मी त्या वाटेचा अंदाज घेतला. कडा कुठे नाही, उतार मध्यम, खाली कारवीची झुडपं. पडला तर हातपाय खरचटतील. पण हा सगळा अंदाज मी आधी हो ठरवून मग बांधला.

तो निघाला. असा तो उतरताना मी कधी पाहिला नव्हता, पाहणार कसा? पाठ सरळ, कोपर सैल, ब्रेकवर दोनच बोटं. मी मागून ओरडत होतो आणि पहिल्या वळणानंतर त्याने "हो" म्हणायचं सोडलं. एकदा मोठ्याने हसल्याचं ऐकू आलं. मग फाटा आला. नियमाने त्याने ओलांडून पलीकडे जायला हवं होतं. पण सवय पायात होती. तो बरोबर फाट्याच्या तोंडावर थांबला, पाय टेकला आणि माणसं मोजायला उजव्या खांद्यावरून मागे बघू लागला.

मी त्याला चुकवायला हँडल डावीकडे घेतलं आणि कारवीत आडवा झालो. गुडघा फुटला. छातीला दणका बसून श्वास कोंडला, आवाज फुटेना.

"कुठे गेलास रं?" आपटल्याचा आवाज ऐकून तो वर वाटेकडेच बघत म्हणाला. मग मोठ्याने, "अरे, कुठे आहेस?" मग त्याने माझं नाव घेऊन हाक मारली, शाळेत असताना मारायचा तशी, पूर्ण नाव घेऊन.

मी त्याच्या डाव्या पावलाजवळ पडलो होतो. हात लांब केला असता तर त्याची पोटरी धरता आली असती. श्वास आल्यावर मी तेच केलं.

तो खाली बघून दचकला. मला उठवलं, गुडघा पाण्याने धुतला, रुमाल बांधला. त्यानंतर खालपर्यंत आम्ही सायकली हातात धरून चालत आलो. ते त्याने ठरवलं, मी नाही.

कळंबच्या अलीकडे एका रिसॉर्टवाल्याने स्वतःची बिअर बनवायला सुरुवात केली आहे. तिथे थांबायचं हे आधीच ठरलं होतं. पोऱ्याने चवीला लहान ग्लासांतून चार प्रकार आणून ठेवले आणि कशात संत्र्याची साल आहे, कशात इथला तांदूळ आहे ते सांगितलं. बँकरने तांदळाची घेतली. "आपल्या भाताला हीच गत लिहिली होती तर," म्हणाला. ती गार होती, चांगली होती. एवढंच मला आठवतं.

निम्मा ग्लास झाल्यावर मी विचारलं, "कडेला काळं दिसतं का रे?"

"काळं नाही. काळं दिसलं असतं तर कळलं असतं की काहीतरी झाकलंय. तिथे काही नसतंच. आज तू नव्हतास." त्याने ग्लास ठेवला. "तू पायाशी होतास, आणि मला तू नव्हतास."

शेजारच्या टेबलावर मुंबईची मंडळी फोटो काढत होती. त्याने दुसरा ग्लास मागवला नाही.

टेंपोवाल्याने सायकली चढवल्या, माझा गुडघा बघितला आणि म्हणाला, "काका, तुमीच पडले? मला वाटलं हे काका पडतील. त्यांनाच दिसत नाय ना?"

"त्याला माझ्यासाठी पडावं लागलं," बँकर म्हणाला.

घरी पोचलो तेव्हा वहिनी अंगणात आल्या. त्यांनी आधी नवऱ्याला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, मग माझा रुमाल.

"मी पुढे होतो," मी बोलायच्या आत तो म्हणाला. "त्याला काही बोलू नकोस."

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. मी मान खाली घातली.

त्याने सायकल ओसरीतल्या भिंतीला टेकवली, उकिडवा बसला आणि पुढच्या चाकाच्या व्हॉल्ववरची टोपी काढून हवा सोडायला लागला.

"अरे, चाकं जमिनीवर बसली तर टायर फाटतील," मी म्हणालो.

"फाटू देत. हवा भरलेली असली की मन होतं."

पुढचं चाक बसलं. मग तो डाव्या हाताने चाचपत मागचा व्हॉल्व शोधू लागला. वहिनी खाली वाकल्या, त्याचं बोट धरून त्यावर ठेवलं आणि तिथेच बसून राहिल्या. आवाज बारीक होत होत थांबेपर्यंत कुणी उठलं नाही.