वाळ्याच्या वासाआड

वैशाखात अकोल्यातल्या भिंतीसुद्धा तहानलेल्या असतात. अशा दिवसांत आमच्या वाचनालयाच्या महिला दालनात कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा गंध दरवळायचा आणि त्या गंधाआडून आणखी एक वास यायचा, कुजक्या खोडावर कुत्र्याच्या छत्र्या उगवतात तसा. मातीचा फुफाटा झालेला असताना हा ओलसर वास कुठून येतो, असा प्रश्न मला तीन उन्हाळे पडला आणि तिन्ही उन्हाळे मी तो पुस्तकाच्या पानांत बुडवला. आज त्याचाच राग येतो.

त्या दालनात दुपारभर बारा-पंधरा मुली स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात. घरी दोन खोल्यांत त्यांना वही पसरायला जागा नसते. त्यांच्या डोक्यावरची जुनी सागवानी तुळई दर पाडव्याआधी चकचकीत तेलरंगाने रंगवायची, ही आमच्या समितीची प्रथा. यंदा महिन्याभरातच रंगाला पोपडे आले, तेव्हा वाळवीचं औषध मारून पुन्हा एक हात द्यायचा असं ठरलं. मी हट्टाने गुलाबराव सुतारांना बोलावलं.

त्यांनी शिडीवर चढून पेचकस टेकवला, तो मुठीपर्यंत आत गेला. रंगाच्या सालीखाली लाकूड चौकोनी तुकड्यांत तडकलं होतं आणि चिमटीत धरताच त्याचा तपकिरी चुरा होत होता. गिलावा फोडला तर विटांच्या सांध्यांतून पांढुरके तंतू हातभर पसरलेले. वाळवी नव्हतीच, बुरशी होती. तिला पोसणारं पाणी खिडकीतल्या कूलरचं होतं. त्याची गळती दर उन्हाळ्यात भिंतीत मुरत आली होती.

संध्याकाळच्या बैठकीत मी समितीला फैलावर घेतलं. तुळई मुलींच्या अंगावर कोसळली असती तर जबाबदार कोण, इतकं पाणी गळताना एकालाही कूलर हलवावासा वाटला नाही का, असं मी विचारत राहिले आणि ती भली माणसं सतरंजीच्या दशा ओढत राहिली. शेवटी दाराशी उभे असलेले गुलाबराव बोलले.

"बाई, मी दोन वर्सांपासून सांगून राहिलो यायले, कूलर काढा म्हनून. पन त्याच्यावर सरायचं नाव हाय ना. तुमाले वाईट वाटन म्हनून कोनी हात नाही लावला."

सर म्हणजे माझे यजमान. त्यांच्या वर्षश्राद्धाला तो कूलर मीच दिला होता, खिडकीही मीच निवडली होती आणि नावाची पितळी पट्टी दारातून दिसेल अशी लावून घेतली होती. नाव घातलेली वस्तू हलवली की देणाऱ्याचा अपमान होतो, असं आमच्याकडे सगळेच मानतात. माझं मन जपण्यासाठी पंधरा मुलींना कुजक्या लाकडाखाली बसवणारा हा कसला आदर? पण तेव्हाच कुणी सांगितलं असतं तर मी महिनाभर रुसले असते, हेही खरं, आणि त्यांना ते ठाऊक होतं.

मुलींना मोठ्या दालनात हलवलं. गुलाबरावांनी कुजका भाग कापलाच, पण त्यापुढचं हातभर धडधाकट लाकूडही काढलं. मी हळहळले, तर म्हणाले, "चांगलं दिसते ते बी कापा लागते, बाई." सांध्यांतला जुना चुना खरवडून त्यांनी भिंत कित्येक दिवस वाळू दिली, तिला बुरशीचं औषध पाजलं, आणि नव्या लाकडाच्या टोकाभोवती हवा खेळायला जागा ठेवली. कूलर मी घरी आणला.

काम संपलं त्या दुपारी दालनात ताज्या सागाचा वास होता. बिनरंगाच्या तुळईकडे आम्ही सारे पाहत असताना अध्यक्षांनी हळूच विचारलं, हिच्यावर सरांचं नाव घालायचं ना? राग पुन्हा मस्तकात गेला. नको, मी म्हणाले. त्यांनी लगेच मान डोलावली, आणि मला वाईट वाटलं असेल या काळजीने सगळे पुन्हा गप्प झाले.