फरशीला सोडलेली माया

टेलरताईला राग यायचा म्हणजे नीट यायचा. अर्धवट काम तिला कुठलंच जमत नसे. शिवायला टाकलेला कोट गिऱ्हाईकाने ठरल्या दिवशी नेला नाही तरी तिचं डोकं फिरायचं, आणि आदल्या दिवशी येऊन कुणी "झाला का" विचारलं तरी फिरायचं. पण ते राग संध्याकाळपर्यंत उतरायचे. सख्ख्या भावावरचा हा राग मात्र चार महिने झाले तरी जागचा हलत नव्हता.

ताई तळघरात राहायची. रस्त्याकडून यायचं तर आठ पायऱ्या उतराव्या लागत, पण इमारत उतारावर असल्यामुळे मागचं स्वयंपाकघराचं दार थेट गल्लीत उघडायचं. तिथे एकही पायरी नव्हती. आणि आई होती दादाकडे, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. गुडघे गेल्यापासून ती वॉकर धरून खोलीतल्या खोलीत फेऱ्या घालायची. सहा महिन्यांत तिने रस्ता पाहिला होता तो खिडकीतून. ताईचं म्हणणं एवढंच, की आईने माझ्याकडे यावं, दार उघडावं आणि हवं तेव्हा बाहेर पडावं. तिने हा विषय काढला तेव्हा दादाने चहाचा कप खाली ठेवला आणि शांतपणे विचारलं, "स्वयंपाकघरात फरशी तरी आहे का तुझ्या?"

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बोलणं खोटं नव्हतं, म्हणून जास्तच गेली. तिच्या स्वयंपाकघरात नुसता सिमेंटचा कोबा होता, जागोजागी उखडलेला, वॉकरचं चाक अडकेल असे खड्डे पडलेला. गेली तीन वर्षं ती स्वतःच आईला फोनवर सांगायची, "फरशी झाली की तुला घेऊन येते." पण तिने म्हणणं वेगळं आणि दादाने तोंडावर विचारणं वेगळं.

एक फरशीवाला दोनदा येऊन मापं घेऊन गेला आणि दोन्ही वेळा हातावर तुरी देऊन पळाला. तिसऱ्यांदा ताईने त्याला फोनच केला नाही. "तीस वर्षं माणसांची मापं घेतेय," ती आरशासमोर उभी राहून म्हणाली. "माणसं हलतात तरी. जमीन कुठे हलते?" फरशीच्या दुकानातून तिने फूटभर लांबीरुंदीच्या खरखरीत फरश्या आणल्या, कारण गुळगुळीत फरशीवर आईचा पाय ठरला नसता. फरशी कापायचं हातयंत्र दुकानदाराने आठवड्यासाठी दिलं, आणि वर न मागता सल्लाही दिला, "ताई, हे बायकांचं काम नाही हो." त्या एका वाक्यावर ताईने दोन दिवस काम ओढलं.

मंगळवारी तिने खड्डे बुजवले. बुधवारी जमीन सपाट केली, लेव्हल लावून लावून. गुरुवारी आतल्या कोपऱ्यातून फरश्या बसवायला घेतल्या. माल कालवायचा, दातेरी थापीने पसरायचा, फरशी ठेवायची, मुठीने ठोकायची. प्रत्येक ठोक्याला ती मनातल्या मनात दादाला ऐकवायची. आईसाठी डॉक्टर घरी बोलावला की आठवडाभर उपकाराचा पाढा वाचणारा तू, आई झोपली आहे म्हणून माझा फोन न देणारा तू, घे. संध्याकाळी तिचे गुडघे असे धरले की आईची आठवण आली, आणि त्याचाही तिला रागच आला. पण ओळी सरळ होत्या. शिवणीसारख्या सरळ, असं तिचं तिलाच वाटलं.

शुक्रवारी दाराजवळची शेवटची ओळ राहिली. तिथे अख्खी फरशी मावत नव्हती, कापून लावायची होती. ताईने गळ्यातली टेप काढली, माप घेतलं, कपड्यावर ओढायच्या खडूने खुणा केल्या आणि सातही फरश्या एकदम कापून ठेवल्या, बाह्या कापून ठेवाव्यात तशा. मग माल पसरून पहिली उचलली, तर ती बसेना. दुसरी बसेना. तिसरी हातात धरून ती जागच्या जागी थिजली. कापडावर खूण करताना शिवणीसाठी अर्धा इंच माया सोडायची, हे तिच्या हाताला तीस वर्षांचं वळण होतं. हाताने फरशीलाही माया सोडली होती. प्रत्येक तुकडा बरोब्बर अर्धा इंच मोठा.

कापड आत दुमडता येतं. फरशी कुठे दुमडणार? तिने पुन्हा यंत्र लावलं, पण अर्ध्या इंचाची पट्टी सरळ निघेना. फरशी मध्येच वेडीवाकडी तुटायची. एक, दोन, पाच. उरलेल्या दोन तिने भीतीने बाजूला ठेवल्या. दुकानात तशी फरशी पुढच्या आठवड्यापर्यंत येणार नव्हती, आणि दादा रविवारी आईला घेऊन येणार होता. "तासाभरासाठी," त्याने फोनवर बजावलं होतं. "आईलाच बघू दे, राहण्यासारखं आहे का ते." ताईने पसरलेला माल दातओठ खात खरवडून काढला. शनिवारी सगळे सांधे भरले. दाराशी वीतभर रुंदीची उघडी पट्टी तेवढी राहिली.

रविवारी अकरा वाजता गाडी गल्लीत आली. दादाने आणि त्याच्या शेजाऱ्याने आईला खुर्चीत बसवून चार मजले उतरवलं होतं, आणि त्या मेहनतीचा घाम दादाने अजून पुसला नव्हता. आईने वॉकर पुढे सरकवला. पुढची चाकं पट्टीत उतरली आणि फरशीच्या कडेला अडली.

"बघ," दादा म्हणाला. "दारातच अडकली."

"माप चुकलं," ताई म्हणाली. "माया सोडली गेली."

"फरशीला माया?" दादा हसला. "चार महिन्यांत एक खोली होईना तुझ्याच्याने. चल आई, बघून झालं."

ताईच्या हातात थापी होती. तिने ती कट्ट्यावर अशी आपटली की आतली भांडी वाजली. "तू एक दिवस तरी वाकलास का तिच्यासाठी? सल्ले द्यायला बरा येतोस."

"आणि चार वर्षं सांभाळतंय कोण?"

"सांभाळतोस की कोंडतोस?"

"गप्प बसा दोघं," आई म्हणाली.

ती दारातच उभी होती, दोघांच्या मध्ये, वॉकर घट्ट धरून. तिचा आवाज मोठा नव्हता, पण शिवणकाम शिकवताना ताईच्या बोटांवर फुटपट्टी मारायची तेव्हाचा तो आवाज होता. "हा फरशी विचारतो आणि तू फरशी घालतेस. मी मागितली होती का फरशी?"

"आई, अगं खड्ड्यात चाक—"

"कोब्यावर चालले असते मी. पडले असते तर पडले असते. तीन वर्षांपूर्वी माझे पाय चालत होते. तेव्हा जिने उतरून, या गल्लीतून मी एकटी कोपऱ्यापर्यंत गेले असते." तिने ताईकडे पाहिलं. "फरशी झाली की नेते, हे तू म्हणायचीस. हा नव्हे. तुला माया सोडायला मीच शिकवलं, पण कापडाला. दिवसांना नाही."

ताईला तोंडात मारल्यासारखं झालं.

आईने वॉकर दोन्ही हातांनी उचलला, पट्टीच्या पलीकडे फरशीवर आपटला आणि एकेक पाय ओढत आत आली. कुणी हात पुढे केला तर तो तिने झटकला. खुर्चीवर बसल्यावर तिला बराच वेळ धाप लागली होती.

"गाडीत मागच्या सीटखाली माझी पिशवी आहे," ती दादाला म्हणाली. "कपडे आणि औषधं आहेत. रात्रीच भरून ठेवली होती. घेऊन ये."

"आई, तासाभराचं ठरलं होतं."

"तुमचं ठरलं होतं."

दादा पिशवी आणायला गेला. ताई दाराशी उकिडवी बसली आणि उरलेल्या दोन फरश्यांमधली एक उचलून उगाच त्या पट्टीत बसते का बघू लागली. चार महिने राग धरायला तिला दादा होता. आता कुणावर ओरडावं ते तिला कळेना, आणि हातातली फरशी अर्ध्या इंचाने मोठी ती मोठीच होती.