काडतूस ओलं नव्हतं

गोविंदकाका गेल्याचा निरोप मला कॉलेजात, प्रॅक्टिकलच्या तासाला मिळाला. शिपाई दारात येऊन म्हणाला, "दूधविनायक से आदमी आया है. आपके चाचा नहीं रहे." ते माझे सख्खे काका नव्हते, आमच्या दूधविनायकच्या गल्लीत समोरच्या घरात राहत, पण मला हाक मारायला त्यांच्याइतका हक्काचा दुसरा माणूस नव्हता. मी पोचलो तेव्हा त्यांना खाली ठेवलं होतं. धोतराखाली डाव्या मांडीचं उरलेलं टोक काळंनिळं पडून फुगलं होतं. दीड वर्षापूर्वी कापलेल्या पायाची जखम पुन्हा चिघळली आणि विष अंगभर गेलं. दाराशी बसलेल्यांपैकी कोणीतरी म्हणालं, "एवढा मोठा कारागीर, आणि ओल्या काडतुसानं घात केला." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही तिथेच उभा होतो. आज पाच आठवड्यांनी लिहितो आहे. मला लिहिण्याची सवय नाही, पण हे सांगायला हवं. ते काडतूस ओलं नव्हतं.

काका बंदुकांच्या दुकानात दुरुस्तीचं काम करत. चकियाकडच्या गावांतून रानडुकरं अरहरची, म्हणजे तुरीची, शेतं उकरू लागली की तिथले लोक त्यांना बोलावून नेत. आमची गल्ली पिढ्यांपूर्वी इथे उत्तरेत येऊन राहिलेल्या मराठी भिक्षुकांची. खांद्यावर रायफल अडकवून जाणारा हा जानवेधारी माणूस बघून माझे वडील म्हणत, "गोविंदराव, सकाळी संध्या आणि दुपारी हत्या, हे जमतं कसं तुम्हाला?" काका हसून म्हणत, "भटजी, मेलेल्यांचं तुम्ही बघता, मी जिवंतांचं बघतो." वडील घाटावर श्राद्धं करतात, संस्कृत मुखोद्गत, पण इंग्रजीचं अक्षर येत नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. त्यामुळे गल्लीत एक रीतच पडली होती. तार आली, दवाखान्याची चिठ्ठी आली, रेल्वेचा फॉर्म आला, की "सदाला दाखवा, तो कॉलेजात आहे." आणि मला 'माहीत नाही' म्हणायला जमत नसे. एवढ्या लोकांनी एवढ्या विश्वासानं समोर धरलेला कागद परत कसा द्यायचा?

एका दुपारी काकांनी बोलावलं. रायफल मांडीवर आडवी होती. म्हणाले, "सद्या, अरहरच्या शेतात ही लांब नळी अडकते बघ. डुक्कर वळतं तोवर ही वळत नाही. वीतभर कापीन म्हणतो. पण हाताला वाटतं, नळी तोकडी झाली की गोळीचा जोर जाईल. तुमचं शास्त्र काय म्हणतं?"

मी नुकतंच घर्षण शिकलो होतो. म्हटलं, "उलट आहे, काका. नळीत गोळी घासत जाते. नळी जितकी लांब तितकं घर्षण जास्त. कापलीत तर गोळी वेगानंच जाईल."

ते बराच वेळ नळीवरून अंगठा फिरवत राहिले. तीस वर्षं त्या हातांनी नळ्या घासल्या होत्या. मग म्हणाले, "कॉलेजात शिकवलंय ना? मग झालं तर."

त्यांनी नळी कापली, तोंड घासून गुळगुळीत केलं, नेम धरायची खूण पुन्हा बसवली. पन्नास पावलांवर गोळ्या अचूक लागल्या. "जिंकलास रे," म्हणून त्यांनी माझ्या पाठीत धपाटा घातला. मग मी शिकारीला बरोबर जायचा हट्ट धरला. माझ्या शास्त्रावर बेतलेली रायफल मला चालताना बघायची होती.

थंडीतली सकाळ होती. गावातला रामधनी टांगी, म्हणजे कुऱ्हाड, घेऊन बरोबर होता. डुक्कर दिसलं ते दोनशे पावलांच्या पुढे, बांधावर आडवं उभं. काकांनी नेहमीसारखाच नेम धरला. आवाज झाला तो मात्र पूर्वीपेक्षा कितीतरी मोठा, नळीच्या तोंडाशी जाळाचा लोळ. डुक्कर कोलमडलं, किंचाळलं आणि उठून अरहरमध्ये घुसलं. बांधावर मांसाचा तुकडा आणि केस पडले होते. गोळी छातीखालून फाडत गेली होती, काळजापर्यंत पोचली नव्हती.

"भइया, अभी मत जाइए. जिंदा है," रामधनी म्हणाला.

"घायल जनावर सोडून कसा जाऊ?" काका म्हणाले. मला त्यांनी बांधावरच थांबवलं.

ते वीस पावलं आत गेले असतील. अरहरचे शेंडे एकदम हलले. गोळीचा आवाज झाला आणि लगेच काकांची किंकाळी. मी धावलो. डुक्कर त्यांच्या पायाशी झोंबत होतं, मान वर झटकत होतं आणि प्रत्येक झटक्याला सुळा मांस उसवत होता. गुडघ्याखालचं हाड मी पांढरं पाहिलं. रामधनीनं टांगी घातली ती मानेत रुतली, निघेना. जनावर तसंच, टांगी घेऊन, पुन्हा चावलं. तो त्याच्यावर पडला, टांगी उपसली आणि मारत सुटला, डुक्कर मेल्यावरही मारत राहिला. माझ्या तोंडावर रक्त उडालं होतं. कोणाचं ते मला आजही सांगता येणार नाही. मी माझ्या उपरण्यानं काकांची मांडी आवळून धरली होती आणि "काका, काका" एवढंच म्हणत होतो.

पाय मांडीपासून कापावा लागला. शुद्धीवर आल्यावर भेटायला आलेल्या प्रत्येकाला काका एकच सांगत, "काडतूस ओलं होतं." कुबडी घेऊन ते पुन्हा दुकानात बसू लागले, तेव्हा गिऱ्हाइकं तोंडावर म्हणत, "पंडितजी, अपना कारतूस तो सुखा नहीं पाए, हमारी बंदूक क्या बनाइएगा!" काका खाली मान घालून कानस चालवत. मी काही महिन्यांनी धीर करून आमच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, दारू पेटल्यावर तिचा धूर गोळीला नळीभर ढकलत असतो, त्या मानानं घर्षण काहीच नाही. नळी कापली की ढकलणंच तुटतं, उरलेला जोर बाहेर जाळ आणि आवाज होऊन जातो. जवळ कळत नाही, लांब गेल्यावर गोळी खाली येते. मी तसाच काकांकडे गेलो. "काका, त्या दिवशी..." एवढं म्हटलं की ते विचारत, "जेवलास का?" दोनदा असं झालं. तिसऱ्यांदा मी गेलोच नाही.

तेरावा झाल्यावर काकूंनी त्यांची खोली आवरायला मला बोलावलं. मी त्यांना तिथेच सांगून टाकलं... घर्षणाचं, नळीचं, सगळं. काकू रडल्या नाहीत. खाटेखालून आंब्याची एक फळी ओढत म्हणाल्या, "ही बंबात घालणार होते मी. कुबडी घेऊन दर इतवारी नावेनं नदीच्या पार रेतीत जायचे, आपली आणि दुकानातली अशा दोन बंदुका आणि ही फळी घेऊन. मला सांगायचे, हवा खायला जातो. फळी घेऊन कोण हवा खायला जातं?"

फळीवर एक आडवी रेघ होती. रेघेवर तीन भोकं, शेजारी पेन्सिलीनं 'लांब'. त्यांच्या खाली आणखी तीन, शेजारी 'कापलेली'. मी मधे बोटं ठेवून पाहिली. चार बोटं मावली. फळीच्या कोपऱ्यात, दुकानातल्या चिठ्ठ्यांवर लिहीत त्याच बारीक अक्षरात, लिहिलं होतं, 'सदाची परीक्षा झाल्यावर दाखवणे.'

परीक्षा पुढच्या महिन्यात आहे.