कोनशिलेवरची जागा

शिंदखेड्याकडच्या त्या म्हाताऱ्याचं नाव मी कधी विचारलं नाही. वारलेल्या मुलीच्या आठवणीसाठी त्याने धुळ्याच्या बागेला तिचा दगडी पुतळा दिला. नगरपालिकेने तो रीतसर ठराव करून, आपणच उपकार करत असल्यासारखा, स्वीकारला.

समारंभाला मी मागच्या खुर्चीवर होतो. पडदा सरला. कोनशिलेवर नगराध्यक्ष, उपाध्यक्ष, सभापती, सगळे आपापल्या पदांसह दाटीवाटीने बसले होते; मुलगी तेवढी नव्हती. म्हातारा अक्षरांवरून बोट फिरवत पार खालपर्यंत गेला.

"साहेब, मन्ही पोरनं नाव कोठे शे?"

"जागाच उरली नाही हो, आबा," अधिकारी म्हणाला. "पुतळा दिसतोय ना? मग झालं!"

पुढे बाजाराच्या दिवशी तो बागेत दिसायचा. डोक्यावरची टोपी काढून त्याच टोपीने पुतळ्याच्या चेहऱ्यावरची धूळ पुसायचा. कोनशिला मात्र तशीच ठेवायचा.

एकदा एका बाईंनी ती वाचली आणि त्याला सहज विचारलं, "आबा, ही नगराध्यक्षांची मुलगी का हो?"

त्याने टोपी झटकली, डोक्यावर नीट बसवली.

"हां बहीन," तो म्हणाला. "आते पुतळा, पोर, बठ्ठं त्यासनंच शे."